‘सगळी डुकरं मेली’ म्हणे, आणि मामांच्या गोळ्या बंद

आखाजीला चोपडा तालुक्यात मामांकडे गेलो होतो. रस झाला, खापरावरचे मांडे झाले, आणि हात धुताना मामीने बाजूला घेतलं. "यांनी नऊ दिवस झाले, गोळ्या सोडल्या. तूच विचार बरं." मामांची दिवाळीनंतर जळगावला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोजच्या दोन गोळ्या होत्या, त्याच बंद. का म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाईल पुढे केला. "मन्हा आंगमा डुक्करनं काही नको, भाचा."

व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर ते दोन बाणांचं चिन्ह होतं, म्हणजे अर्ध्या खान्देशात फिरून आलेला माल. ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक, स्टेंट आधी डुकरांत बसवून पाहिले आणि चाचणीतली सगळी डुकरं मेली. दोन, स्टेंटमध्ये डुकराची नस असते. तीन, जनावरांवरच्या चाचण्यांचा माणसाशी काही संबंध नाही, म्हणूनच ९० टक्के औषधं पुढे नापास होतात. चार, तपासणारा पॅथॉलॉजिस्ट कंपनीचा पगारी, तो सही करून मोकळा. पाच, म्हणून गोळ्या बंद करा आणि अर्जुनसालीचा काढा घ्या.

मी अकरा वर्षं एका प्रीक्लिनिकल लॅबमध्ये, म्हणजे माणसाआधी जनावरांवर चाचण्या होतात तिथे, हिस्टोपॅथॉलॉजीचा (टिश्यू मायक्रोस्कोपखाली तपासायच्या विभागाचा) टेक्निशियन आहे. नेक्रॉप्सीतून (जनावराच्या शवविच्छेदनातून) आलेले टिश्यू ट्रिम करायचे, मेणात बसवून ब्लॉक बनवायचे, त्यांचे पातळ सेक्शन कापायचे, रंग देऊन स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायच्या, हे माझं काम. मेसेजमधल्या ‘त्या लोकांत’ माझाही नंबर लागतो. तेव्हा बोलतोच.

आधी डुकरं. मेसेजसोबत एका इंग्रजी तक्त्याचा फोटो आहे. गटात जनावरं जितकी, शेवटच्या रकान्यात मेलेलीही तितकीच, आणि त्यावर लाल गोल. गोल मारणाऱ्याने रकान्याचं डोकं वाचलं असतं तर बरं झालं असतं. तिथे लिहिलंय, ठरल्या दिवशी ठरवून मारलेली जनावरं. त्याच तक्त्यात खाली तुलनेसाठीचा कंट्रोल गट आहे, औषध नसलेला साधा धातूचा स्टेंट बसवलेला. तोही ‘सगळा मेला’. मग त्यांना कोणत्या औषधाने मारलं?

ठरवून मारतात हे ऐकायला निर्दय वाटतं, आणि ते तसं आहेही. मी त्यावर साखर घालणार नाही. पण अँजिओग्राफीत दिसतं ते एवढंच, की नसेतून रक्त वाहतंय की नाही आणि वाट किती अरुंद आहे. आतली भिंत भरून आली का, हे त्यात कळत नाही. मामा केळीवाले, त्यांना हे मी काय सांगावं! पान पिवळं पडलं म्हणजे पाण्यामुळे, खतामुळे की मर रोगाने, हे बांधावरून सांगता येतं का? बुंधा चिरावा लागतो, तेव्हा आतल्या तपकिरी रेषा दिसतात. चिरलेलं झाड गेलंच, पण बाकीच्या बागेचं काय करायचं ते त्याच्यावरून ठरतं.

स्टेंटच्या बाबतीत डुकराच्या हृदयाच्या धमनीत तो बसवतात आणि साधारण २८, ९०, १८० दिवस अशा टप्प्यांवर एकेक गट तपासायला घेतात. जाळीसकट नस आमच्या नेहमीच्या पॅराफिनमध्ये कापता येत नाही, पातं जातं आणि टिश्यू फाटतो. ती प्लास्टिकसारख्या रेझिनमध्ये घट्ट करायची, हिऱ्याच्या करवतीने चकत्या पाडायच्या, मग घासून घासून प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ करायच्या. एका चकतीमागे माणूस कंटाळून जातो. मग पॅथॉलॉजिस्ट बघतो की जाळीच्या प्रत्येक तारेवर पेशींचं अस्तर आलं का, तारेभोवती सूज आहे का, फायब्रिन (गुठळीतले धागे) साचलंय का, भिंत जाड होऊन वाट किती अरुंद झाली.

आणि एखादं जनावर ठरल्या दिवसाआधीच मेलं तर? त्याची नोंद वेगळी, आणि सगळ्यात बारीक तपासणी त्याचीच. ते गुठळीने गेलं, भुलीने गेलं की न्यूमोनियाने, हे लिहिल्याशिवाय रिपोर्ट पुढे सरकत नाही. मेसेजवाल्याला खरंच काही शोधायचं असतं, तर तो रकाना त्याच पानावर होता. त्यात शून्य आहे.

आता मामांच्या गोळ्या. इथे मला खरा राग येतो, कारण ज्या पॅथॉलॉजीच्या नावाने गोळ्या बंद करायला सांगितल्या, तिनेच त्या इतके दिवस चालू ठेवायला लावल्या आहेत.

औषध लावलेला पहिला स्टेंट अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाला. नस पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून त्यावरचं औषध पेशींची वाढ रोखतं. पण तेच औषध तारांवर येणारं अस्तरही रोखतं, आणि उघड्या तारेवर गुठळी धरते. सुरुवातीच्या दोन औषधी स्टेंटपैकी एकासाठी दोन्ही गोळ्या तीन महिने आणि दुसऱ्यासाठी सहा महिने सांगत. रेणू विरमानी या भारतीय वंशाच्या पॅथॉलॉजिस्ट. अमेरिकेत मेरीलँडमध्ये त्यांच्या गटाने मरण पावलेल्या रुग्णांच्या धमन्या अशाच चकत्या करून पाहिल्या आणि २००६ मध्ये छापल्या. औषधी स्टेंट बसवून ३० दिवसांहून जास्त झालेले २३ रुग्ण होते, त्यातल्या १४ जणांच्या स्टेंटमध्ये उशिरा झालेली गुठळी सापडली. साध्या स्टेंटवर अस्तर सुमारे ९० टक्के आलेलं, औषधी स्टेंटवर सुमारे ५६ टक्के. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी सल्ला काढला की औषधी स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या १२ महिने घ्या, मधेच सोडू नका. मला दुसरा कागद दाखवायची गरज वाटत नाही, हा एक पुरे.

पण हे डुकरांत आधीच का दिसलं नाही? हा प्रश्न मात्र रास्त आहे, मेसेजवाल्याला सुचला नाही एवढंच. चाचणीतलं डुक्कर तरुण असतं, त्याच्या नसा निरोगी असतात आणि माणसापेक्षा कितीतरी लवकर भरून येतात. त्याचे २८ दिवस म्हणजे माणसाचे २८ दिवस नव्हेत. तेव्हा हो, डुकराने पूर्ण गोष्ट सांगितली नाही. ती माणसाच्या नसेने सांगितली, पण तीही मायक्रोस्कोपखालीच. नंतरचे स्टेंट सुधारले, काही रुग्णांची दुसरी गोळी आता डॉक्टर लवकरही थांबवतात. ते हृदयाच्या डॉक्टरने फाईल बघून ठरवायचं, ग्रुप अ‍ॅडमिनने नाही.

दुसरा मुद्दा, डुकराची नस. स्टेंट धातूच्या मिश्रणाचा असतो, त्यात कसलीही नस नसते. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा डुकराच्या टिश्यूपासून बनतात हे खरं आहे, कुणीतरी तेच इकडे चिकटवलं असावं. (अँजिओप्लास्टीच्या वेळी देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. हे मी मामांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.)

तिसऱ्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेली दहातली नऊ औषधं बाजारात येत नाहीत हे खरंच. पण त्यातली सर्वांत जास्त पडतात ती गुण न आल्यामुळे, ती काही विषारी निघालेली नसतात. २००० साली १५० औषधांचा आढावा छापला गेला. माणसात दिसलेल्या विषबाधांपैकी ७१ टक्के जनावरांतही दिसल्या होत्या. उरलेल्या २९ टक्क्यांची किंमत माणसांनी मोजली आहे. २००६ मध्ये लंडनला सहा तरुणांना टीजीएन-१४१२ नावाचं औषध दिलं, माकडांना काही झालं नव्हतं, आणि दीड तासात या सहाही जणांना त्रास सुरू झाला, काही तासांत ते अत्यवस्थ झाले. हे मी लपवत नाही. पण चाचणीच न करण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाचं औषध विषारी द्रवात विरघळवून जनावरांवर न तपासताच विकलं, शंभरावर माणसं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. दुसऱ्याच वर्षी तिथे कायदा आला.

उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा हे आम्हाला मेसेजमधून कळायला नको. नर उंदराच्या मूत्रपिंडात एक प्रथिन साचून इजा होते, माणसात ते प्रथिनच नाही. अशी इजा दिसली की ती उंदरापुरती की आपल्यालाही धोका, हे ओळखायलाच तर पॅथॉलॉजिस्ट बसवलेला असतो.

चौथा मुद्दा पगाराचा. इथे मेसेजवाल्याने थोडा अभ्यास केला असता तर मला अडचणीत आणलं असतं. सत्तरच्या दशकात इलिनॉयमधल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या लॅबने खोटे आकडे लिहिले होते. मेलेले उंदीर पिंजऱ्यात सडून जायचे, तपासायला टिश्यूच उरायचा नाही. १९८३ मध्ये तिथले तीन अधिकारी दोषी ठरले. आज माझ्या टेबलावरचा प्रत्येक कागद सही-तारखेचा, खाडाखोड केली तर तिच्यावरही सही, हा सगळा जाच त्या प्रकरणाच्या कृपेने. जीएलपी, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’, म्हणतात त्याला. भारत २०११ पासून एकमेकांचे असे रिपोर्ट मान्य करणाऱ्या देशांच्या व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे, म्हणून इथला रिपोर्ट बाहेरच्या देशांत चालतो. पॅथॉलॉजिस्टचा निष्कर्ष पडताळायला बहुधा दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच स्लाइड बघतो. ब्लॉक आणि स्लाइड वर्षानुवर्षं जपून ठेवतात, शंका आली की कपाटातून काढा आणि पुन्हा बघा. सही खोटी मारता येईल, पण स्लाइडमधलं यकृत कंपनीच्या सांगण्यावरून बदलत नाही.

पाचवा, काढा. नैसर्गिक आहे म्हणून तपासायला नको, असं असतं तर नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी वनस्पतीच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं गेली नसती. तिथेही उलगडा बायोप्सीपासूनच सुरू झाला. काढा प्यायचा तर डॉक्टरांना विचारून प्या, पण गोळीच्या जागी नको.

हे सगळं मामांना मी ओट्यावर बसून सांगितलं, मधून मधून मामी चहा देत होती. मग जळगावच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी मामांवर ओरडले, मग आजच गोळ्या सुरू करा आणि उद्या सकाळी ईसीजीला या म्हणाले. मामांनी पाण्यासोबत दोन्ही गोळ्या घेतल्या, तांब्या खाली ठेवला आणि बराच वेळ गप्प बसले.

"त्या डुक्करसले खावाले काय देतस?"

"मोजून देतात," म्हटलं. "रसाच्या चार वाट्या नाही."