‘मेमरी बॅटरी मेली की सिंथ मेला’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुने सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारे सिंथेसायझर कीबोर्ड, बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो आहे. थोडक्यात तो असा: आतली मेमरी बॅटरी संपली की कंपनीचे मूळ आवाज कायमचे जातात, म्हणून ती कीबोर्ड चालू ठेवूनच बदला, जागी रिचार्जेबल सेल घाला, म्हणजे पुन्हा उघडायला नको, आणि पाच वर्षं झाली की वाट न पाहता बदलाच. हे वाचून माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती सोल्डरिंग आयर्न आलं की सिंथला खरा धोका तिथून सुरू होतो.

आधी ‘आवाज कायमचे जातात’ हे. १९८३चा यामाहा डीएक्स७ घ्या. त्याचा आवाज घडवणाऱ्या चिपा आणि तो चालवणारा प्रोग्राम यांचा बॅटरीशी काही संबंध नाही. सेल सांभाळतो ती फक्त छोटी रॅम, म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी मेमरी. तिच्यात ३२ पॅचेस (एकेका आवाजाची जुळणी) असतात, म्हणजे कुठला ऑपरेटर (आवाजाचा घटक) किती, एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) कसा, असे आकडे. रोलँडच्या जुनो-१०६ मध्ये असेच १२८ पॅचेस असतात. कॉर्ग एम१ मधले पियानोचे नमुने रॉममध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, आहेत, त्यांना सेल असला काय नि नसला काय. सेल गेला तर तुम्ही स्वतः बनवून कुठेच न उतरवलेले पॅचेस मात्र खरोखर जातात. कंपनीचे पॅचेस सिसेक्स (पॅचेसची माहिती ठेवणाऱ्या) फाइलींच्या रूपात इंटरनेटवर सहज मिळतात.

तेव्हा घाई करायची ती बॅकअपची. डीएक्स७चे बत्तीसही पॅचेस मिडीवरून (वाद्यं आणि संगणक जोडणारी व्यवस्था) ४१०४ बाइटमध्ये बाहेर येतात आणि त्याला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. फंक्शन मोडमध्ये ८ नंबरच्या बटणावर ‘सिस इन्फो’ ‘अव्हेल’ (उपलब्ध) करा, ‘मिडी ट्रान्समिट’ला यस म्हणा, आणि संगणकावर आलेली फाइल नेमकी ४१०४ बाइटची आहे का ते पाहा. कमी भरली तर शंका आधी केबलवर घ्या. बिननावाच्या स्वस्त यूएसबी-मिडी केबली लांबलचक सिसेक्स मध्येच खातात. जुनो-१०६ला कॅसेटसाठी सेव्हचं सॉकेट आहे. त्यातून निघणारा कर्कश आवाज वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करायचा, एमपी३मध्ये नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून मित्राकडे ‘सांभाळायला’ पाठवलात तर कॉम्प्रेशनमध्ये चेंदामेंदा होऊन परत येईल. आणि रॅम कार्टरिजमध्ये सेव्ह केलं म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच कार्टरिजच्या पोटातही असाच एक सेल असतो.

‘चालू ठेवूनच बदला’ या म्हणण्यात तांत्रिक तथ्य आहे, ते नाकारत नाही. सिंथ चालू असताना रॅमला वीज मुख्य पुरवठ्यातून मिळते, त्यामुळे त्या वेळी सेल काढला तरी पॅचेस टिकतात. पण त्यासाठी मोजायची किंमत बघा. झाकण उघडं, ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना घरातली २३० व्होल्ट वीज, आणि तुम्ही जिवंत बोर्डावर आयर्न टेकवताय. अर्थिंग असलेल्या आयर्नचं टोक किंवा निसटलेला कथलाचा एक थेंब चुकीच्या जागी लागला की रॅमच काय, प्रोसेसरही जाऊ शकतो. आणि तो बाजारात सहज मिळत नाही. हे सगळं कशासाठी, तर जे पॅचेस दीड सेकंदात उतरवून घेता येतात त्यांच्यासाठी! बॅकअप घ्या, प्लग भिंतीतून काढा, थोडा वेळ थांबा आणि मगच उघडा. नवा सेल थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो बिघडतो. सीआर२०३२चा (३ व्होल्टचा बटणासारखा लिथियम सेल) होल्डर बसवा, प्लस-मायनस जुन्याप्रमाणेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी होल्डर किरकोळीत मिळतो, आणि पुढच्या वेळी आयर्न काढावीच लागत नाही.

बदलल्यानंतर स्क्रीनवर अगम्य अक्षरं आली, विचित्र आवाज निघाले, तर सिंथ बिघडलेला नाही. रिकाम्या झालेल्या रॅममध्ये काहीबाही आकडे असतात, इतकंच. मेमरी प्रोटेक्ट (पॅचेस चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप) बंद करा आणि फाइल परत चढवा. प्रोटेक्ट बंद करायचं विसरूनच बहुतेक जण ‘लोड होत नाही’ म्हणून डोकं धरून बसतात.

रिचार्जेबलचा सल्ला सगळ्यात वाईट. डीएक्स७, जुनो-१०६, रोलँडचाच डी-५० यांच्यात सेल चार्ज करणारी व्यवस्थाच नाही. उलट सेलमध्ये करंट शिरू नये म्हणून वाटेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. तिथे एलआयआर२०३२ (त्याच आकाराचा रिचार्जेबल सेल) घातलात तर तो कधीच चार्ज होणार नाही. त्यात त्याची क्षमता साधारण ४० मिलीअँपिअर-तास, साध्या सीआर२०३२ची सुमारे २२०. शिवाय पूर्ण भरलेला असताना तो ४.२ व्होल्ट देतो, आणि सर्किट आखलेलं आहे ३ व्होल्टसाठी. म्हणजे पुन्हा उघडायला नको म्हणून घातलेला सेल तुम्हाला जास्त वेळा उघडायला लावेल.

राहिला पाच वर्षांचा नियम. तो उत्पादकांच्या सावध अंदाजातून आलेला आहे. हिशेब करून बघा: रॅम पडून असताना दोन मायक्रोअँपिअर घेत असेल, तर २२० मिलीअँपिअर-तासांचा सेल कागदावर साडेबारा वर्षं चालतो. त्याहूनही जुने, मूळ सेल अजून टिकलेले सिंथ दुरुस्तीला येतात. तेव्हा कॅलेंडर पाहू नका, मल्टिमीटर लावा. २.७ व्होल्टच्या खाली गेला की बदला. अशा रॅमना आकडे धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात आणि मधला डायोड त्यातलं थोडं खातो.

पण बॅकअप सोडला तर कॉर्ग पॉलीसिक्सला यातलं काहीच लागू नाही. १९८१च्या या सिंथमध्ये ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आहे आणि ती चार्ज होते. तिचा दोष संपण्यात नाही, गळण्यात आहे. आतला अल्कली द्रव केएलएम-३६७ या बोर्डाचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतो, आणि व्होल्टेज ठीक दिसत असतानाही हे चालू असू शकतं. गळालेली जागा पांढऱ्या व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागते. तिथे साधा लिथियम सेल बसवायचा असेल तर चार्जिंगची वाट डायोडने बंद करणं सक्तीचं आहे, नाहीतर चार्ज होऊ नये असा सेल चार्ज होत राहील आणि फुटू शकेल. तुमच्या पॉलीसिक्समध्ये मूळ बॅटरी अजून बोर्डावर असेल, तर पॅचेस कॅसेट सॉकेटमधून उतरवा आणि ती याच आठवड्यात काढा.