सर्वांत जुना क्लब शेफील्ड एफसी, सर्वांत जुनं मैदान हॅलमचं

फुटबॉलच्या प्रश्नमंजूषांत आणि व्हॉट्सॲपच्या फिरत्या मजकुरांत एक दावा हमखास भेटतो: ‘जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान शेफील्ड एफसीचं. तिथे 1804 पासून फुटबॉल चालतं, खेळाचे नियम तिथेच ठरले आणि पहिल्या कपाची फायनलही तिथेच झाली.’ इंग्लंडमधले दोन क्लब आणि तीन मैदानं यात एकत्र कालवली आहेत.

‘मैदान शेफील्ड एफसीचं’. नाही. 24 ऑक्टोबर 1857 ला स्थापन झालेला हा क्लब सर्वांत जुना, एवढंच खरं. मैदानांच्या बाबतीत त्याने बिऱ्हाडंच बदलली. 2001 पासून तो ड्रॉनफील्डच्या कोच अँड हॉर्सेस मैदानावर खेळतो, आणि ते गाव शेफील्डमध्ये तर नाहीच, शेफील्ड ज्या परगण्यात आहे त्या यॉर्कशरमध्येही नाही. ते डर्बीशरमध्ये आहे. गिनेसने ज्याला सर्वांत जुनं म्हटलं ते सँडीगेट, शेफील्डच्या क्रॉसपूल भागातलं, हॅलम एफसीचं. मावतात जेमतेम हजार-दीड हजार माणसं, आणि खेळपट्टीला चक्क उतार आहे.

‘1804 पासून फुटबॉल’. 1804 मध्ये सँडीगेट सुरू झालं ते क्रिकेटसाठी. हॅलमने फुटबॉल धरलं 1860 मध्ये. 26 डिसेंबर 1860 ला पाहुणे शेफील्ड एफसी तिथे आले, अंधार पडेपर्यंत खेळले आणि माणसं कमी असूनही 2-0 ने जिंकले. मोजायचं ते या तारखेपासून.

‘नियम तिथेच ठरले’. शेफील्डचे नियम 1858 चे, म्हणजे सँडीगेटवर फुटबॉल येण्याआधीचे, आणि ते नॅथनिएल क्रेसविक व विल्यम प्रेस्ट या शेफील्ड एफसीच्या मंडळींचे. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) 1863 मध्ये स्वतःचे वेगळे केले. दोन्ही एक झाले 1877 मध्ये.

‘कपाची फायनल’. इथे गोंधळ का होतो ते कळतं, कारण तो पहिला कप, 1867 चा युडन कप, जिंकला हॅलमनेच. पण फायनल झाली शेफील्डच्याच दुसऱ्या मैदानावर, ब्रॅमल लेनवर. नॉरफोक संघाविरुद्धचा निकाल होता दोन रूज (गोलहून दुय्यम असा तेव्हाचा गुण) विरुद्ध शून्य; गोल एकही नाही. ‘रूज’ हा टायपो समजून बरेच जण तिथे ‘2-0’ लिहून मोकळे होतात. तेव्हा शेफील्डमध्ये गोलचे खांब फक्त 4 यार्डांवर असत, आजच्या निम्म्या अंतरावर. उंची मात्र 9 फूट, आजच्याहून एक फूट जास्त. अशा चिंचोळ्या गोलात चेंडू क्वचितच जाई. म्हणून दोन्ही खांबांच्या बाहेर 4-4 यार्डांवर एकेक निशाण रोवलेलं असे. चेंडू निशाण आणि खांब यांच्यामधून गेला आणि हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूने त्याला आधी हात लावला, तर रूज. बचाव करणारा आधी पोचला, तर काहीच नाही. गोल बरोबरीत असले, किंवा झालेच नाहीत, तरच रूज मोजायचे. एका गोलपुढे कितीही रूज फोल. 1868 मध्ये गोल 8 यार्डांचा झाला आणि रूज गेला.

यावर कुणी ‘मग ब्रॅमल लेनच सर्वांत जुनं’ म्हणेल. ते 1855 मध्ये सुरू झालं, तेही क्रिकेटसाठीच. फुटबॉलचा पहिला सामना 29 डिसेंबर 1862 चा, पुन्हा हॅलम विरुद्ध शेफील्डच. सँडीगेटहून दोन वर्षं तीन दिवस उशिरा.