खरा मोती व्हिनेगरमध्ये चमकत नाही, विरघळतो!

गेले आठ दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरालाय, जुनी नथ नायतर कुड्या रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मोती खरा असला तर चकाकतो, खोटा असला तर विरघळतो. बाया हो, हे एकदम उलटं आहे. मोती म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, शिंपला ज्याचा असतो तेच, आम्ल लागलं की बारीक बुडबुडे येतात आणि वरचा थर खायला लागतो. प्लास्टिकच्या मोत्याला तेवढं काय होत नाही, म्हणजे खोटा वाचला आणि आजीचा खरा गेला! लिंबू, चिंच पण नको, चिंच पितळेच्या तांब्याला ठेवा. टूथपेस्टनं पण घासू नका, मोती लई मऊ, ओरखडे पडतात.

माझ्या आईच्या नथीतला एक मोती असाच निस्तेज झालाय, लिंबानं, तेव्हा मेसेज नव्हते तरी असले सल्ले होतेच.

ओल्या मऊ कापडानं पुसा, बास. दोऱ्यात ओवलेलं असेल तर पाण्यात बुडवू नका, दोरा सैल पडतो, तन्मणी परत गाठवून घेताना दर मोत्यामागं गाठ मारायला सांगा, म्हणजे तुटला तरी सगळे मोती घरभर पळत नाहीत. आणि तुटक्या कुड्यांचे उरलेले मोती टाकू नका, बारीक तारेत ओवून पोरीला कानातलं होतं, मी दोन जोड केलेत.