दादरची कबुतरं, नॉर्फकचे कावळे

"तुला तिकडून बोलायला काय जातं?" घरच्या ग्रुपवर हे वाक्य आलं की समजावं, समोरच्याकडचे मुद्दे संपले. माझा आतेभाऊ दादरला राहतो, कबुतरखान्यापासून अगदी जवळ. 2025 च्या पावसाळ्यात तो कबुतरखाना बंद करण्यावरून रण माजलं. महापालिकेनं ताडपत्री टाकली, जमावानं ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात, वर उपोषणाचे इशारे. दादा 'बंद करा' म्हणणाऱ्यांतला. वहिनींचा खोकला वर्षभर जात नाही, तेव्हा त्याचं चुकत नाही. मी एवढंच लिहिलं होतं की बंद जरूर करा, पण पक्ष्यांबरोबर राहायचं कसं, याचा विचार दोन्हीपैकी एकही बाजू करत नाही. त्यावर हे उत्तर.

तर काय जातं ते सांगतो.

मी इंग्लंडमध्ये, नॉर्फक परगण्यातल्या नॉरिच शहराबाहेर, यार नदीकाठच्या एका गावात राहतो. आमच्या धुराड्यात जॅकडॉ असतात आणि चर्चच्या आवारातल्या उंच झाडांवर रूक. दोन्ही कावळ्याच्याच कुळातले. जॅकडॉ आपल्या घरकावळ्याहून लहान, मान तशीच राखाडी, डोळा मात्र पांढुरका. त्या डोळ्यानं तो रोखून बघतो तेव्हा घर नक्की कुणाचं, असा प्रश्न पडतो. रूक मोठा आणि काळाभोर. चोचीच्या मुळाशी उघडी पांढरट कातडी, आणि मांड्यांवरची पिसं अशी लोंबतात की सैल पायजम्यात दूध आणायला निघालेले आजोबाच. फेब्रुवारी सरत आला, झाडांवर अजून एक पान नाही, की यांचं बांधकाम सुरू. शेजाऱ्याच्या घरट्यातली काडी पळवणं हा यांचा जोडधंदा, म्हणून जोडीतलं एक जण बहुधा पहाऱ्याला बसतं. कलकलाट उजाडायच्या आधीपासून. त्या झाडांखाली गाडी लावली तर काय होतं, ते दर मार्चमध्ये कुणीतरी नवा भाडेकरू शिकतो.

जॅकडॉची तऱ्हा वेगळी. तो धुराड्यात वरून काटक्या सोडतो. पहिल्या कित्येक थेट खाली, बैठकीच्या खोलीत येतात. तो सोडतच राहतो. मग एखादी आडवी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि ढीग चढत जातो. वरच्या थरात मेंढीची लोकर, घोड्याचे केस, मग एप्रिलमध्ये अंडी. पहिल्या वर्षी मी स्वीपला, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्याला, बोलावलं. त्यानं आत टॉर्च मारला, चहा घेतला आणि सप्टेंबरमध्ये फोन करा म्हणून निघून गेला. इथल्या 1981 च्या वन्यजीव कायद्यानं वापरात असलेलं घरटं काढता येत नाही. तोवर आग पेटवायची नाही, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडायचा. एवढंच. सप्टेंबरमध्ये त्यानं पोतीच्या पोती काटक्या काढल्या आणि त्या धुराड्यावर जाळीची टोपी बसवली. घराला दुसरं धुराडं आहे, ते आम्ही कधी वापरत नाही. ते त्यांना सोडलं. तेव्हापासून तक्रार नाही, निदान आमची तरी.

आता दादाच्या सोसायटीचं बघा. पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, झाडांची छाटणी होते. फांद्या पडून माणसं मरतात, छाटणी हवीच. पण कावळ्यांची वीण ऐन त्याच दिवसांत. फांदीबरोबर घरटं खाली येतं आणि वॉचमन ते कचऱ्यात झाडून टाकतो. हीच छाटणी जानेवारीत केली तर कुणाचं काय बिघडेल? इथे शेतांच्या कडेच्या हेजना, म्हणजे झुडपांच्या कुंपणांना, 1 मार्च ते 31 ऑगस्ट हात लावता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं पीक अडलेलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात घरटी पाडायची आणि सर्वपित्रीला गच्चीवर खीर-वडे मांडून, हल्ली कावळेच कुठे दिसतात, म्हणून हळहळायचं.

खाऊ घालण्याचंही तेच. इथेही लोक शेंगदाणे टांगतात, चरबीचे गोळे टांगतात, भरपूर पैसे घालवतात. पण एकाच जागी गर्दी झाली की रोग पसरतो. ट्रायकोमोनोसिस नावाच्या रोगानं ग्रीनफिंच हे छोटे पक्षी इतके मेले की 2021 मध्ये ते धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. 2025 च्या सुरुवातीला आरएसपीबी या इथल्या पक्षी-संरक्षण संस्थेनं दाणे ठेवायच्या सपाट ट्रेची विक्रीच थांबवली. मी तर नाही ऐकलं कुणी ट्रे घेऊन मोर्चा काढल्याचं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादा काही गप्प बसणारा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर टाकलं, की आठव्या हेन्रीच्या काळात, 1532 साली, कायदा करून गावोगावी रूक आणि कावळे पकडायला जाळी ठेवायला लावली होती. की मे महिन्यात फांदीवर आलेली रूकची पिल्लं मारून त्यांच्या मांसाचा 'पाई' भाजून खायची रीत होती. की आजही पिकाच्या नुकसानीच्या नावाखाली रूक आणि जॅकडॉ दोन्ही सरसकट परवान्यावर मारता येतात. सगळं खरं आहे. मला परवान्याचं माहीत होतं, मी लिहिलं नव्हतं एवढंच. मी उलट लिहिलं, की आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात साधा कावळा उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी म्हणून नोंदला होता, ती यादी जायला 2022 ची दुरुस्ती यावी लागली. त्यानं अंगठा पाठवला. त्याच्या अंगठ्याइतकं खोचक दुसरं काही नाही.

हिवाळ्यात इथून जवळच बकनमच्या रानावर संध्याकाळी हजारो रूक आणि जॅकडॉ एकत्र मुक्कामाला येतात. सकाळी जॅकडॉंचा आवाज वाढत वाढत एका पातळीला पोचला की सगळे एकदम उठतात. एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी 2022 मध्ये हे दाखवून दिलं. गोंगाटातून त्यांचा निर्णय होतो. आमच्या ग्रुपवर होत नाही.

वहिनींच्या मते आमचं भांडण कबुतरांचं नाहीच. बाबा गेले तेव्हा माझा व्हिसाचा अर्ज अडकला होता. देश सोडला असता तर अर्ज बाद. दहावं दादानं केलं, बाणगंगेला. मी फोनवर बघत होतो. पिंडाला कावळा शिवेना. आत्यानं सांगून पाहिलं, वहिनींनी सांगून पाहिलं. शेवटी दादा म्हणाला, "मामा, काळजी करू नका, बाळ्या परत येईल, मी आणतो त्याला." कावळा शिवला. मला कुणी विचारलं नव्हतं. आज माझ्याकडे निळा ब्रिटिश पासपोर्ट आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड आहे, आणि दादानं ते वाक्य पुन्हा कधी काढलेलं नाही.

बाबांचा फ्लॅट त्याच सोसायटीत, दादाच्या डोक्यावर, एक मजला वर. बंद आहे. मेंटेनन्स मी वेळेवर भरतो. त्याच्या गॅलरीत कबुतरांनी संसार थाटलाय आणि त्यांची पिसं-विष्ठा वहिनींच्या खिडकीत येते. गेल्या महिन्यात दादानं फोटो पाठवला: माझ्या आईच्या तुळशीच्या कुंडीत दोन अंडी. मी लिहिलं, पिल्लं उडू देत, मग जाळी बसवून घे, पैसे पाठवतो. त्यानं लिहिलं, ही तुझ्या स्वीपची पाखरं नव्हेत, ही बारा महिने अंडी घालतात, एक पिल्लू उडायच्या आत दुसरी अंडी तयार. तेही खरं आहे.

मी विचारलं, मग काय करायचं म्हणतोस? किल्ली तुझ्याकडेच आहे.

"घर तुझं आहे," तो म्हणाला. "ये आणि बसव."