पायाळू पाहिजे

मला लाथ मारणारा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याने ती अगदी मन लावून मारली, एवढं आधीच सांगून टाकतो. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा बरं.

रविवारी सकाळी गच्चीवर मोगऱ्याची कुंडी उचलायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली. कुंडी १४ इंची. आत माती, शेणखत आणि अर्ध्या तासापूर्वी मीच शहाण्यासारखं घातलेलं बादलीभर पाणी. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि टाकी धरून तो ३० किलोच्या आसपास जातो. ही कुंडी त्याची सख्खी बहीण. सिलिंडर आणणाऱ्याला मी दर वेळी "जरा आत ओट्याखाली सरकव रे" असं बसल्या जागेवरून सांगत आलोय. यापुढे उठून सांगेन.

कुंडी मी हौसेनं उचलत नव्हतो. सोसायटीची नोटीस होती: वॉटरप्रूफिंगसाठी गच्चीवरच्या सर्व कुंड्या तत्काळ हलवाव्यात. ठेकेदार महाशिवरात्रीनंतर येणार होता, मग होळीनंतर येणार होता, आता रंगपंचमीही उलटली. पाण्याची टाकी रोज सकाळी भरून वाहते आणि अख्ख्या गच्चीवर ओहोळ फिरतो, तो कमिटीला दिसत नाही. माझ्या मोगऱ्याच्या ताटलीतलं वाटीभर पाणी मात्र स्लॅब भेदून चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पोचतं. असो. हा विषय निघाला की माझी कंबर आणखी धरते.

तर मी काटकोनात अडकलो. वर होता येईना, खाली बसता येईना. आणि त्या अवस्थेत जगाचं जे दर्शन घडलं ते सगळं घोट्यापर्यंतचं. आमच्या गच्चीवर रविवारी सात-आठ बागवाले जमतात. माणसं प्रेमळ. पण त्या दिवशी मी त्यांना फक्त चपलांवरून ओळखत होतो.

सगळ्यात आधी निळी स्लीपर आली. बँकेतून रिटायर झालेले काका.

"मोगरा पडला का?"

"मी अडकलोय."

"ते दिसतंय. कळ्या नाही ना झडल्या?"

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. जानेवारीत मोगऱ्याचं पाणी तोडलं होतं, त्याला ताण दिला होता, पानं ओरबाडून छाटणी केली होती, मग खत घालून पुन्हा पाणी सुरू केलं होतं. एवढा सोहळा केल्यावर आत्ता कुठे टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या. माझी कंबर काय, वर्षभर असतेच.

मग बाकीच्या चपला जमल्या आणि उपचार सुरू झाले. इथे एक सांगायला हवं. आमच्या गच्चीवर झाडाला आणि माणसाला औषध एकच. पानावर भुरी आली की आंबट ताक, पोट बिघडलं की गोड ताक. छाटलेल्या फांदीला हळद, कापलेल्या बोटालाही हळद. बरं, वसंतात सगळेच काही ना काही दुखणं घेऊन वर येतात. कुणाचा अंगठा कात्री चालवून धरलेला, कुणाला कोकोपीटच्या धुळीनं शिंका, कुणाच्या गुडघ्याला उकिडवं बसवत नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाची आणि स्वतःच्या पित्ताची चर्चा एकाच दमात होते, आणि मध्येच आलेल्या माणसाला विषय कोणता चाललाय ते कळत नाही. त्यामुळे तपकिरी सँडलनं जेव्हा "एप्सम सॉल्ट घ्या, एक लिटरला एक चमचा" असं सुचवलं, तेव्हा दुसऱ्या सँडलनं "अहो, तो डोस गुलाबाचा, माणसाला बादलीत मूठभर लागतं" अशी दुरुस्ती केली आणि त्यावर पाच मिनिटं गेली. कुणी एरंडाचं पान सांगितलं, कुणी निर्गुडीचा शेक. एका नव्या कोऱ्या फ्लोटर्सनं माझ्या नाकाजवळ येऊन विचारलं, "काका, हा बटमोगरा ना? एक फांदी घेऊ?"

"आत्ता नको, पावसाळ्यात लागेल," मी जमिनीकडे बघत म्हणालो. बागवाल्याचा स्वभाव. मरताना चुकीची कलम-कटिंग होऊ देणार नाही.

"मला खुर्ची द्या कुणीतरी," असं मी तेव्हाच म्हणालो होतो. हे मी मुद्दाम नोंदवतोय.

तेवढ्यात डॉक्टर चपला आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांनी मला एक प्रदक्षिणा घातली.

"उसण आहे. औषध-बिवषध काही लागत नाही हिला. पायाळू पाहिजे."

गच्चीवर एकदम शांतता. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला; त्याची लाथ बसली की उसण जाते, असा समज. मग काकूंनी कठड्याशी जाऊन खाली पार्किंगमध्ये हाक टाकली, "अगंऽ, आपल्यात कुणी पायाळू आहे काऽ?" गाडी धुणाऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी पोचली.

फ्लोटर्स म्हणाले, "माझी मुलगी आहे ना पायाळू! पण सिझर झालं होतं."

"म्हणजे पोटातून."

"हो, पण पाय खाली होते म्हणूनच केलं सिझर. डॉक्टर म्हणाले, पाय धरूनच काढली."

"काढली ना? आली नाही ना स्वतःहून?"

निळी स्लीपर मध्ये पडली. "वहिनी, तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर पाय आधी बाहेर आले की झालं. मार्ग कुठला ते गौण."

"गौण कसं? गुण त्या डॉक्टरच्या हाताला गेला. मग त्यालाच बोलवा लाथ मारायला."

"खुर्ची," मी म्हणालो.

पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणात शंभरात तीन-चार बाळं अशी उलटी असतात, आणि हल्ली बहुतेकांचं सिझर होतं. म्हणजे काकूंच्या नियमानं अस्सल पायाळू आता दुर्मीळ होत चालले. एके काळी काय त्यांचा थाट! पायाळूला अंजन घातलं की जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणत. पायाळूवर वीज पडते म्हणून वळवाच्या पावसात त्याला घरातच डांबून ठेवत. जमिनीखालचे हंडे बघू शकणारा माणूस, आणि गावानं त्याला रोजचं काम काय दिलं, तर लोकांच्या कंबरेत लाथा घालणं. आपल्याकडे गुणी माणसाचं असंच होतं.

"अय्या, आमचाच की!" काकूंना एकदम आठवलं. "नातू माझा! आजोळी वाईला झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत पाय बाहेर!"

माझ्या पोटात गोळा आला. कारण दहा दिवसांपूर्वी या नातवाच्या षट्काराने माझ्या शेवंतीची कुंडी फुटली होती. मी त्याला खाली सगळ्यांसमोर झापलं होतं आणि बॉल जप्त करून कपाटात ठेवला होता.

बूट आले. त्यांची नाडी सुटलेली.

"बूट काढ," काकू म्हणाल्या. "अनवाणी लागतं. तीन वेळा. उजव्या पायानं."

"जोरात?"

"नाही रे बाबा. नुसता लावायचा."

"लाथ म्हणालीस ना तू?"

"लाथच, पण हळू."

"हळू लाथ कशी असते आज्जी?"

यावर गच्चीवर एकमत होईना. निळ्या स्लीपरचं म्हणणं पडलं की मध्यम असावी. मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, "सॉरी हं काका." त्या सॉरीत पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. पहिली लाथ नमुन्यादाखल होती. दुसरी शेवंतीसाठी. तिसरी बॉलसाठी, आणि तिच्यानं मी समोरच्या कोकोपीटच्या ढिगाऱ्यात तोंडावर गेलो.

"बघा! सुटली!" काकू ओरडल्या. टाळ्या पडल्या.

मी सरळ झालो नव्हतो, आडवा झालो होतो. पण हा फरक समजावून सांगायला तोंडात कोकोपीट नसावं लागतं. दोघांनी धरून खाली आणलं. बायकोनं दार उघडलं, आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "आता कुठे लोळलात?"

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, स्नायू आखडलाय, गोळ्या घ्या, शेकत राहा, झोपून राहू नका, हिंडाफिरायला लागा. बहुतेकांचं हे दुखणं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपलं आपणच जातं. पाचशे रुपये. आता चौथ्या दिवशी मी जरा ताठ चालायला लागलोय आणि जिन्यात भेटेल तो विचारतो, "आला ना गुण?" नाही म्हणालो तर कृतघ्न ठरतो. हो म्हणालो तर त्या कार्ट्याचं नाव होतं. कालच बी विंगमधल्या आजोबांची मान धरली आणि त्याला बोलावणं गेलं. मानेला लाथ कशी मारतात, ते मी विचारायला गेलो नाही. बॉल परत द्यावा लागला. काकूंनी मागितला, आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. खुर्चीबद्दल मात्र अजून कुणी एक अक्षर काढलेलं नाही.

कुंडी अजून तिथेच आहे. ठेकेदार आलेला नाही. आज सकाळी कठड्याला धरधरून गच्चीवर गेलो. मोगरा फुलला असणार, वास जिन्यापर्यंत आला होता. बघतो तर झाडावर नुसती हिरवी देठं. मागून डॉक्टर चपलांचा आवाज.

"तुम्हाला वाकता येत नाही ना, म्हणून मीच तोडून घेतली," काकू म्हणाल्या. अंबाड्यावर माझा पहिला बहर होता.