'सगळं फिटिंग आहे' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगते, झोप उडाली. ऑक्सिजन-२८ या आठ प्रोटॉन आणि वीस न्यूट्रॉनच्या अणुकेंद्रकावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'जे बनताबनताच फुटतं ते अणुकेंद्रक कसलं, ही शिखरं सिम्युलेशनमधून काढतात, सगळं फिटिंग आहे, लेखिकेने जरा अभ्यास करावा.'

'जरा अभ्यास करावा' हे लागलं. मुद्दा हवा तितका कडक मांडा ना, पण हा सूर कशाला? पाच वर्षं न्यूट्रॉन डिटेक्टरवर काम केलंय मी. दोन-दोन मीटरच्या सिंटिलेटरच्या, म्हणजे कण धडकला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, कांड्या काळ्या टेपने गुंडाळल्यात, सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी उजेड आत शिरतो आणि चमक टिपणारी फोटोट्यूब वेड्यासारखे सिग्नल देत सुटते, मग रात्री दोनला टॉर्च घेऊन ती फट शोधत बसायचं. फिटिंग म्हणजे काय, आकडे हव्या त्या वक्रावर कसे बसवतात, हे मला तुम्ही सांगू नका.

एक मान्य. लेखात 'न्यूट्रॉन दिसला' हे मी सैल लिहिलं. त्याला विद्युतभार नाही, तो कांडीतल्या प्रोटॉनला धडकतो आणि चमक पडते ती त्या प्रोटॉनमुळे. दुरुस्त करते.

पण सिम्युलेशनमधून शिखर? शिखर म्हणजे मोजलेल्या ऊर्जांच्या आलेखातला उंचवटा. जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेत फ्लोरिन-२९ चा बीम द्रव हायड्रोजनवर सोडला, फ्लोरिनमधला एक प्रोटॉन उडाला आणि उरलेलं ऑक्सिजन-२८ तिथल्या तिथे फुटलं. ऑक्सिजन-२४ चुंबकात वळलं, चार न्यूट्रॉन सरळ पुढे गेले, त्या पाचांचे वेग आणि दिशा मोजून फुटण्याची ऊर्जा काढली, २०२३ मध्ये ते छापून आलं. सिम्युलेशन लागतं ते डिटेक्टर किती न्यूट्रॉन चुकवतो आणि शिखर किती पसरवतो हे कळायला. शिवाय एकच न्यूट्रॉन दोन कांड्यांना धडकला की दोन असल्यासारखा भासतो, तो क्रॉसटॉक गाळावा लागतो. माझ्याच डेटात दोन न्यूट्रॉनचं एक देखणं शिखर होतं, सहा आठवडे मी त्यावर राबले, क्रॉसटॉकची गाळणी लावली आणि ते सपाट झालं. ते आम्ही कुठेही छापलं नाही. नुसतं फिटिंगच करायचं असतं तर छापलं नसतं का?

आयुष्याचं म्हणाल तर हेलियम-५ सुद्धा १० चा उणे २१ वा घात इतकेच सेकंद टिकतं, त्यालाही केंद्रकच म्हणतात. बाकीच्या मुद्द्यांत मला दम वाटला नाही, सोडून देते. फक्त एवढं सांगा, पाच कण एकाच घटनेत एकदम डिटेक्टरवर आले, ते कुठल्या सिम्युलेशनने आणले?