अथीनाने मेड्युसाला वाचवलं नव्हतं

मेड्युसाबद्दलचा एक मजकूर सध्या फार फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ग्रीकांच्या मूळ कथेत मेड्युसा ही अथीना देवीच्या देवळातली पुजारीण होती. समुद्रदेव पोसायडनने तिच्यावर देवळातच बलात्कार केला. पुन्हा कुणी पुरुषाने तिला हात लावू नये म्हणून अथीनाने मायेपोटी तिला सापांचे केस आणि दगड करणारी नजर दिली, आणि पुढे पुरुषांनी या वरदानाला शाप म्हटलं. म्हणूनच प्राचीन ग्रीसमध्ये स्त्रियांच्या आश्रयस्थानांवर मेड्युसाचा चेहरा कोरत.

हे पाठवणाऱ्यांची तळमळ मला कळते. पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि यातली सगळ्यात मोठी चूक मेड्युसावरच अन्याय करते.

आधी ‘मूळ कथा’. इ.स.पू. ७००च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने ‘थिऑगनी’ रचली. तिच्यात मेड्युसा समुद्रातल्या फॉर्किस आणि केटो यांची मुलगी आहे, गॉर्गन नावाच्या तीन अक्राळविक्राळ बहिणींतली एक. स्थेनो आणि युरिअली अमर, ही एकटी मर्त्य. पोसायडन तिच्याजवळ जातो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये. तिथे देऊळ नाही, अथीना नाही, शापही नाही. देवळातला प्रसंग येतो तो ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये, इ.स. ८च्या आसपास, म्हणजे सातशे वर्षांनी. आणि पुजारीण तर ती तिथेही नाही. ओव्हिड तिला अनेकांनी मागणी घातलेली सुंदर मुलगी म्हणतो, एवढंच.

कलेतही तेच दिसतं. लूव्रमधल्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या मातीच्या रांजणावर मेड्युसाचं धड घोडीचं आहे आणि तिला मारणारा वीर पर्सियस तोंड फिरवून तिचा गळा कापतो आहे. कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात, इ.स.पू. ५८०च्या सुमारास, ती जवळजवळ तीन मीटर उंच आहे : सुळे, वटारलेले डोळे, कमरेला सापांचा पट्टा. आधी सुंदर होती आणि मग बिघडली, असं या शिल्पकारांच्या मनातही नाही. तिचा चेहरा माणसाळतो तो इ.स.पू. पाचव्या शतकात. ग्रीक कवी पिंडार तिला सुंदर गालांची म्हणतो. पॉलिग्नोटोस या चित्रकाराची मानली जाणारी एक सुरई न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यावर मेड्युसा शांत झोपली आहे, कुठल्याही तरुण मुलीसारखी, आणि पर्सियसचा विळा तिच्या मानेपाशी आला आहे. मला ते चित्र फार अस्वस्थ करतं. शेजारी अथीना उभी आहे, आणि ती थांबवत नाही.

आश्रयस्थानांचा मुद्दा लवकर संपतो : त्याला पुरावाच नाही. गॉर्गनचा चेहरा सापडतो तो ढालींवर, नाण्यांवर, देवळांच्या छपरांच्या कौलांवर, पुरुषांच्या मद्यपानाच्या प्याल्यांच्या तळाशी. पॉम्पेईच्या प्रसिद्ध कुट्टिमचित्रात (मोझेकमध्ये) तो खुद्द अलेक्झांडरच्या चिलखतावर आहे. वाईट नजर परतवणारं, शत्रूला धडकी भरवणारं ते तोंड होतं. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

आता मायेचा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. ओव्हिडचा मजकूर आजही वाचता येतो. नेपच्यून (पोसायडनचं रोमन नाव) मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनाच्या, देवळात मुलीवर बळजबरी करतो. देवी तोंड फिरवते, डोळे ढालीआड झाकते आणि हा प्रकार ‘शिक्षेविना राहू नये’ म्हणून मुलीच्या केसांचे साप करते. शब्द शिक्षेचाच आहे. नेपच्यूनला मात्र काहीच होत नाही. शिवाय ही हकिकत ओव्हिड पर्सियसच्याच तोंडी घालतो : मेजवानीत कुणीतरी विचारतं, आणि तिचा मारेकरी ती सांगतो. शेवटी सांगतो की देवी आता तेच साप शत्रूंना भिववायला छातीवर मिरवते.

अथीनाला तिला वाचवायचं होतं, तर पर्सियसला मदत कशाला केली? सिसिलीतल्या सेलिनुंतेच्या ‘क’ मंदिरातलं, इ.स.पू. ५४०च्या सुमाराचं एक शिल्प पालेर्मोच्या संग्रहालयात आहे. पर्सियस मेड्युसाचं डोकं धरून गळा चिरतो आहे. बाजूला अथीना आहे. मेड्युसाने मात्र आपलं पंखवालं शिंगरू, पेगॅसस, काखेत घट्ट धरलं आहे.

नवी कथा रचायला माझी हरकत नाही. लुचानो गार्बाती यांनी २००८ साली पर्सियसचं मुंडकं हातात धरलेली मेड्युसा घडवली आणि २०२० साली ती न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोर उभी राहिली. ते आजचं शिल्प आहे आणि तसंच ओळखलं जातं. हा मजकूर मात्र शिक्षेला माया म्हणतो. अत्याचार झालेल्या मुलीलाच दंड होतो, हे ओव्हिडने लपवलं नव्हतं. आपण ते पुसतो आहोत.

त्याच काव्यात, सहाव्या सर्गात, अरॅख्नी नावाची विणकर मुलगी मिनर्व्हाशी पैज लावून मागावर बसते. देवांनी फसवलेल्या बायका ती एकेक करून विणते, आणि त्यांत सापांच्या केसांची मेड्युसाही आहे, नेपच्यूनसह. त्या विणीत मिनर्व्हाला एकही खोट सापडत नाही. ती ते वस्त्र टराटरा फाडते आणि हातातला धोटा अरॅख्नीच्या कपाळावर मारते, तीन वेळा, चार वेळा.